देवाच्या नावावर कच्चं काम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संतचरित्रावरच्या एका नव्या चित्रपटाचं परीक्षण आपल्या अंकात आलं आणि पाठोपाठ वाचकांची रागावलेली पत्रंही. विषय पवित्र, हेतू चांगला, मुलांवर संस्कार होतात, मग चुका कशाला काढायच्या, असा त्यांचा सूर. मी माळकरी आहे. धनकवडीतल्या आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. चित्रपट आम्ही सगळ्याजणींनी मिळून पाहिला आणि मला परीक्षण लिहिणाऱ्याचंच पटलं.

पडद्यावर पखवाजवाल्याचा हात वर आहे आणि थाप ऐकू येते. टाळकऱ्यांची पावलं एका लयीत, गाणं दुसऱ्याच. दुष्काळाचा प्रसंग आहे, पण उपाशी माणसांच्या अंगावर इस्त्रीची धोतरं. वाद्यांचा गदारोळ एवढा, की अभंगाचे शब्दच कळत नाहीत. त्या शब्दांसाठीच तर आम्ही गेलो होतो! आणि चमत्काराच्या प्रसंगी संगणकावर केलेला नदीचा लोंढा आला तेव्हा माझी नात खुदकन हसली. ती संतांना हसली नाही, त्या चित्राला हसली. पण यापुढे त्या संतांचं नाव निघालं की तिला तो खोटा लोंढाच आठवणार. कसला संस्कार झाला हा?

आमच्या संप्रदायात असं खपत नाही. सप्ताहात कीर्तनकाराची चाल चुकली तर मागे उभ्या टाळकऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक कमी-जास्त लागली तर ती काढून पुन्हा लावायची. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं मुलं आजही चार वर्षं शिकतात, मग कीर्तनाला उभी राहतात. भाव शुद्ध आहे एवढ्यावर तिथं शिकण्यातून सुटका होत नाही.

दादासाहेब फाळक्यांनीही अशी सुटका मागितली नाही. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मुंबईत पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, ही तळमळ त्यांना लागली. पण नुसत्या तळमळीवर ते थांबले नाहीत. विमा पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले. उगवत्या रोपाची वाढ टिपणारा छोटा चित्रपट करून दाखवला. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ एवढ्या खटपटीनंतरचा आहे.

आणि पुणेकरांना तर लांब जायला नको. लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथं ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. दामले-फत्तेलालांचा 1936 चा ‘संत तुकाराम’ तिथलाच. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना ना विठोबा माहीत, ना देहू. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांबद्दल सगळेच बोलतात, मला मात्र गौरीबाईंनी उभी केलेली तुकोबांची बायको आवली जास्त महत्त्वाची वाटते. पोर आजारी पडतं तेव्हा ती हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. एखाद्या कच्च्या दिग्दर्शकानं तिला नुसती कजाग बायको करून टाकलं असतं. इथं तिचा राग खरा आहे, तिच्या घरातली ओढाताण खरी आहे, म्हणून तुकोबांची विरक्तीही खरी वाटते. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांचं गाणं. ते इतकं नेमकं उतरलंय की कितीतरी लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजतात. आमच्या मंडळातही समजत.

कुणी 1975 च्या ‘जय संतोषी माँ’कडे बोट दाखवेल. खर्च थोडा, करामती साध्या, तरी लोक चपला काढून बसत, पडद्यावर फुलं आणि पैसे उधळत. हे खरं आहे आणि त्या लोकांची भक्ती मी जराही कमी लेखत नाही. पण ती भक्ती त्यांनी घरून आणली होती. माणूस शेंदूर फासलेल्या धोंड्यालाही मनापासून हात जोडतो, त्याचं श्रेय पाथरवटाला कसं द्यायचं?

निर्मात्यांना आमची गर्दी हमखास मिळते. मंडळं एकगठ्ठा तिकिटं काढतात, शाळा मुलांना घेऊन येतात. ही गर्दी गृहीत धरूनच काम ढिलं होतं, असं मला आता वाटू लागलंय. म्हणून परीक्षकांना विनंती, संतपटांना सवलतीचे गुण देऊ नका. निर्मात्यांनी चित्रीकरणाच्या दिवशी एक जाणता पखवाजवादक आणि एक टाळकरी शेजारी उभा करावा. आळंदी-देहूत अशी माणसं पुष्कळ आहेत, बोलावलं तर आनंदानं येतील.

आणखी एक. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा वारकऱ्यांसाठी ‘प्रभात’चा तो चित्रपट मोकळ्या जागेत पडदा लावून दाखवावा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे, महापालिकेनं त्यांच्याशी बोलून पाहावं. सतरंज्या अंथरण्यापासूनचं काम आमचं मंडळ करील.

एक माळकरी वाचक,
धनकवडी, पुणे