आधी विचारा, धातू आला कुठून?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावर आमच्या तालुक्यातल्या ‘संपूर्ण शरीर विषधातू तपासणी’ शिबिराची जाहिरात होती. सुई नाही, रक्त नाही, रिपोर्ट जागेवर. माझी 31 वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी आणि थुंकी तपासण्यात गेली. ‘रक्त नाही’ हे वाचलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

माझे शेजारी त्या शिबिराला गेले. मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली होती. मुठीत धातूची एक दांडी धरायला दिली, मिनिटभर. लॅपटॉपवर रंगीत चित्रं हलली आणि 38 पानांचा रिपोर्ट निघाला. शिसं वाढलेलं, पारा वाढलेला, कॅडमियम वाढलेलं, वर मूत्रपिंडात ‘मध्यम बिघाड’. उतारा म्हणून तीन महिन्यांची पावडर, साडेसहा हजारांची. सोयाबीनचे पैसे अजून हातात यायचे होते, तरी उसनवारी करून घेतली. संध्याकाळी कागदांची चळत घेऊन माझ्या ओट्यावर आले. म्हणाले, ‘माह्या आंगात त पुरा कारखानाच निंगाला न भाऊ!’

दांडी मुठीत धरून फार तर हाताला किती घाम आहे ते कळेल. त्यांना वर्षभरापासून तळपायांची आग होते, मुंग्या येतात. मी विचारलं, बॅटरीचं काम करता का? नाही. वेल्डिंग, रंगकाम? नाही. कुठल्या वैदूची पुडी? नाही. पाणी? गावाच्या नळाचं, सगळे पितात तेच. मग शिसं अंगात शिरलं कुठून, हवेतून उडत? दुसऱ्या दिवशी त्यांना उपाशीपोटी रुग्णालयात नेलं. साखर निघाली 236. मुंग्या साखरेच्या होत्या, आणि साखर काही त्या पावडरीने उतरत नसते.

आता उलट बाजूचं. काही वर्षांपूर्वी एक विशीतला पोरगा रक्त तपासायला यायचा. पोटात पीळ पडतो, शौचाला होत नाही, हिमोग्लोबिन 7 च्या आसपास. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळला होता. एकदा सहज त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके. ते इतर आजारांतही दिसतात, पण शिशाच्या विषबाधेची ती जुनी खूण आहे. विचारलं, काम काय करतो? म्हणाला, जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा वितळवतो, मालकाच्या घरामागच्या शेडमध्ये. जेवणही तिथेच. दोन वर्षांत कोणीही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही, हे कबूल करतो. शिशाची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. पदरचे पैसे घालून खासगी लॅबमार्फत नमुना बाहेर पाठवला. आकडा आला 58 मायक्रोग्रॅम, एका डेसिलिटरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार 5 आला तरी शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायला हवं. काम सुटलं आणि पुढच्या वर्षभरात आकडा उतरत गेला. त्याला धातूची तपासणी हवी होती आणि ती कोणी करत नव्हतं. शेजाऱ्यांना नको होती आणि ती मंगल कार्यालयात मांडून ठेवली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तपासणी करायची की नाही हे दुखणं पाहून ठरत नाही. थकवा, सांधेदुखी, झोप न येणं, डोकं जड होणं, ही दुखणी आमच्याकडे दर दुसऱ्या घरात आहेत. आधी धातू शिरायची वाट दिसली पाहिजे. बॅटरी, भंगार गाळणं, जुना रंग खरवडणं. लेबल नसलेली भस्मं आणि पुड्या. मी आयुर्वेदाचा वैरी नाही, माझ्या घरात त्रिफळा असतो. पण नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पारा, हे वैद्यही जाणतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. सुटी, नको तेवढी पिवळी हळद हीसुद्धा एक वाट आहे, लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा रंग मिसळला असेल तर.

एकाच वेळी अख्ख्या गावाला सारखंच काही झालं, तर मात्र तपासणी झालीच पाहिजे. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले, तेव्हा पाणी तपासलं, रक्त तपासलं, केस तपासले. विंचूदंशाचे संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. तिथेही प्रश्न तोच होता, आलं कुठून?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक घोळ आहे. 2017 च्या कीटकनाशक फवारणीत जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. तेव्हापासून फवारणीचा माणूस आजारी पडला की ‘अंगात जहर किती ते तपासा’ म्हणतात आणि कोणीतरी धातूंचं पॅकेज गळ्यात मारतं. फवारणीतली जी औषधं त्या वर्षी गाजली त्यातली बरीच ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या कीटकनाशक गटातली. त्यासाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बघतात. शिशा-पाऱ्याच्या रिपोर्टमध्ये ते दिसणारच नाही. बोअरच्या पाण्याने पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात ते फ्लोराइड. तो धातूच नव्हे. त्यासाठी माणसाचं रक्त नको, बोअरचं पाणी बाटलीत भरून भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. ग्रामपंचायतीच्या पाणी तपासायच्या किटमध्ये फ्लोराइड कळतं, शिसं नाही.

आणि करायचीच ठरली तर नमुना कोणता, हेही बघा. शिसं रक्तात बघतात. आर्सेनिक रक्तातून लवकर निघून जातं, ते लघवीत बघतात. त्याआधी चार-पाच दिवस बाजारातला सुकट-बोंबील खाऊ नका. समुद्री मासळीत निरुपद्रवी आर्सेनिक असतं आणि आकडा उगाच फुगतो. केस पाठवून धातूंची कुंडली काढून देणारेही आहेत. आमच्या भागात रस्त्यावरून कोळशाचे ट्रक दिवसरात्र जातात. त्या केसांत धूळ मोजली की शरीरातला धातू मोजला, कोण सांगणार?

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आधी धातू ओढून काढणारं औषध द्यायचं आणि मग लघवी तपासायची. शरीरात थोडंफार शिसं प्रत्येकाच्या असतंच. कणगी हलवली की सोंडे निघणारच. औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी तुलना केली की प्रत्येक जण ‘विषारी’ ठरतो. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. पुढे त्याच औषधांची सलाइनं लावतात. त्यातलंच एक, ईडीटीए नावाचं रसायन, आमच्या लॅबमधल्या जांभळ्या बुचाच्या नळीत असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीतलं रक्त गोठत नाही. ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. 2005 मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा असाच जीव गेला. हे औषध खऱ्या रुग्णाला रुग्णालयात, योग्य प्रकारचं, मोजून देतात. मंगल कार्यालयात नाही.

दोन विनंत्या आहेत. आपण जाहिरात घेता तेव्हा रक्त किंवा लघवी कोणत्या लॅबला जाते, एवढं तरी विचारून घ्यावं. आणि आरोग्य खात्याने ग्रामीण रुग्णालयातून शिशाच्या तपासणीसाठी नमुना घेऊन पुढे पाठवायची सोय करावी, फुकट. सगळ्यांसाठी नको. केस पेपरवर ‘काम काय करता’ असा एक रकाना घाला, त्यात बॅटरी, भंगार, रंग असं काही आलं की घ्या नमुना. तो रकाना छापायला काहीच खर्च येत नाही.

शेजाऱ्यांची साखर आता 140 वर आली आहे. पावडरचा डबा त्यांनी फेकला नाही. वहिनींनी धुऊन त्यात धने भरलेत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. वणी, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)