भेगेत सिमेंट भरण्याआधी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या दगडी कमानीला किंवा घुमटाला भेग दिसली, की दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ सिमेंट ग्राउटिंगची असते आणि दुसरी लोखंडी सळयांची. मी स्थापत्य अभियंता आहे. उमेदीच्या काळात अशी अंदाजपत्रके मीही केली. तेव्हा हे पत्र थोडे कबुलीजबाबासारखे वाचावे.

आम्ही शिकलो ते तुळईचे गणित : ताण कुठे, दाब कुठे, सळई किती. कमानीत ताण घेणारे काही नसतेच. दगड एकमेकांवर रेललेले असतात, चुना त्यांना फक्त नीट बसवतो. दगड चिरडेल ही भीतीही सहसा नसते, कारण दगडाच्या ताकदीपुढे तो दाब किरकोळ असतो. पाहायचे ते एवढेच, की भाराची वाट दगडाच्या जाडीतून जाते की बाहेर पडते. हा आकाराचा प्रश्न झाला, आणि आकार जुन्या गवंड्यांना कळत होता. कमानीचा रेटा पेलणारा खांब किती रुंद हवा, याचे त्यांचे ठोकताळे गाळ्याच्या प्रमाणात असत. म्हणूनच ते लहान कमानीला चालत तसे मोठीलाही चालत.

त्यांना सगळे कळत होते असे मुळीच नाही. 1400 च्या सुमारास मिलानच्या कॅथेड्रलवरून वाद पेटला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी ठणकावून सांगितले की टोकदार कमान बाजूला रेटतच नाही. साफ चूक! इमारत मात्र आजही उभी आहे. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचे सुमारे 48 मीटर उंचीवरचे छत 1284 मध्ये कोसळले, हेही खरे.

लोंबणारी साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1675 मध्ये अक्षरांच्या कोड्यात दडवून छापले. पुढे रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा पडल्या, तेव्हा इटालियन गणितज्ञ पोलेनीने तेच वापरले. घुमटाची एक पाकळी घेऊन तिच्या तुकड्यांच्या प्रमाणात 32 वजने त्याने साखळीसारखी ओवून लटकवली आणि त्यातून मिळालेली रेघ, म्हणजे भाराची वाट, उलटी करून घुमटाच्या छेदावर ठेवली. ती जाडीच्या आत बसली. भेगा असूनही घुमट उभा राहणार होता. तरीही त्याने घुमटाभोवती लोखंडी कडी घालायला सांगितली. पण आधी मोजले, मग सांगितले. मला हा क्रम फार आवडतो.

माझी मागणी लहान आहे. निविदेआधी कमानीचा प्रत्यक्ष छेद मोजून त्यावर भाराची रेघ काढलेला नकाशा सक्तीचा करा. टेकूची भिंत सरकली आहे का, ते तपासा. भेगेवर काचेच्या पट्ट्या लावून (भेग हलली की त्या तडकतात) निदान वर्षभर थांबा. बऱ्याच भेगा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. त्यांत सिमेंट ठासले तर पुढची भेग शेजारच्या दगडातून जाते. माझ्या हातून एकदा हेच झाले होते.

आणि त्या नकाशावर सही कोणाची, हेही निविदेत लिहा.

आपला,
एक निवृत्त अभियंता