खुले पत्र : माझं नाव मतदार यादीत परत कधी लागणार?

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
आमची काउंटी, टेक्सास

जानेवारी २०२६

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या कार्यालयाने मागितलेली सगळी कागदपत्रं मी इंग्रजी अर्जासोबत केव्हाच पाठवली आहेत आणि पोचपावती माझ्याजवळ आहे. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ते जितकं आपल्यासाठी आहे तितकंच टेक्सासमधल्या इतर मराठी घरांसाठी आहे. नागरिकत्वाचा पुरावा मागणारं आपलं पत्र त्यांच्याकडेही आलं असेल आणि घाबरून कुणी ते खणात टाकून दिलं असेल.

दिवाळी नुकतीच सरली होती. अंगणातले दिवे अजून काढलेही नव्हते, तेव्हा आपलं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं : आपण अमेरिकेच्या नागरिक नसाव्यात अशी माहिती मिळाली आहे, ३० दिवसांत पुरावा द्या, नाहीतर मतदार नोंदणी रद्द होईल. मी २०१६ साली नागरिक झाले. शपथ घेऊन बाहेर पडले त्या दारातच स्वयंसेवकांनी मतदार नोंदणीचा फॉर्म हातात दिला आणि मी तो तिथेच उभ्या उभ्या भरला. त्यानंतर ड्रायव्हिंग लायसन्सचं नूतनीकरण केलं तेव्हा खिडकीवर अमेरिकन पासपोर्ट दाखवला. जुरी ड्यूटीला बोलावलंत तेव्हा कामावरून रजा घेऊन हजर झाले. दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल द्यायला मी नागरिक होते आणि मत द्यायला नाही, हे कसं?

तरी मी कुरकुर केली नाही. कपाटातली फाईल काढली. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरच छापलंय की कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल काढणं हा गुन्हा आहे. ते वाचून झेरॉक्स काढताना माझा हात थरथरला. त्या कागदासाठी आम्ही किती वर्षं रांगेत काढली, किती वेळा बोटांचे ठसे दिले, वडील गेले तेव्हा अर्ज मधेच अडकला होता म्हणून मला पुण्याला जाता आलं नाही, हे सगळं त्या एका कागदात आहे. मी झेरॉक्स काढली आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून सांगितलं की थँक्सगिव्हिंगच्या आत नाव पूर्ववत होईल. थँक्सगिव्हिंग गेला, नाताळ गेला, संक्रांत गेली. राज्याच्या पोर्टलवर माझं नाव टाकलं की आजही काही सापडत नाही. फोनवर उत्तर एकच : काम चालू आहे.

आता तारखा बघा. ३ मार्चला प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान आहे. तिच्यासाठी नोंदणीची शेवटची तारीख २ फेब्रुवारी, अर्ली व्होटिंग (केंद्रावर जाऊन आधीच मत देण्याची सोय) १७ ते २७ फेब्रुवारी. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर २६ मे रोजी रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत दुसरी फेरी. मधेच २ मे रोजी शहरं आणि शाळा मंडळांच्या निवडणुका. आणि ३ नोव्हेंबरला मुख्य मतदान, ज्यात गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, कंप्ट्रोलर, कृषी आयुक्त, जमीन आयुक्त, सिनेटची एक जागा, काँग्रेसच्या ३८, राज्य विधानगृहाच्या सगळ्या १५० जागा आणि न्यायाधीशांची भलीमोठी यादी आहे. तेल आणि गॅसच्या विहिरींवर देखरेख करणाऱ्या रेलरोड कमिशनची एक जागाही आहे. आपल्या लोकांना ती कळतच नाही, कारण नावावरून वाटतं रेल्वेचं काहीतरी असेल. राज्याच्या पैशाचा आणि पाण्याचा एवढा मोठा कारभार यंदा ठरणार आहे आणि त्यात माझं नाव कुठे आहे हे आपण मला सांगू शकत नाही.

मार्चचं मतदान चुकलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. टेक्सासमध्ये तेच खरं मतदान असतं. १९९४ नंतर राज्यव्यापी पदावर एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही. बहुतेक पदांचा निकाल रिपब्लिकन प्रायमरीतच लागतो. यंदा सिनेटसाठी रिपब्लिकन बाजूला जॉन कॉर्निन, केन पॅक्स्टन आणि वेस्ली हंट आहेत, डेमोक्रॅट बाजूला जॅस्मिन क्रॉकेट आणि जेम्स टालारिको. इथे पक्षाची आगाऊ नोंदणी लागत नाही. केंद्रावर गेल्यावर कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, फक्त मग रनऑफमध्ये दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. आपल्या मंडळींमध्ये बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, ते नोव्हेंबरची वाट बघत बसतात. २०२२ च्या मार्चमध्ये नोंदलेल्या मतदारांपैकी जेमतेम १८ टक्के लोकांनी मत दिलं. म्हणजे शंभरातल्या अठरांनी सगळ्यांचं ठरवलं. त्या अठरांत मी होते.

आणि माझ्या सासूबाईही होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. पंचावन्नच्या पुढचं वय आणि पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड असलं की नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. सासूबाईंनी ती मराठीत दिली, शेजारी दुभाषी बसवून. शंभर प्रश्न त्यांनी वहीत उतरवून काढले होते, भाजी निवडताना पाठ करायच्या. ‘कायद्याचं राज्य म्हणजे काय?’ हा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांनी सांगितलं, ‘कायद्यापेक्षा मोठा कुणी नाही, सरकारसुद्धा नाही.’ अधिकारी हसून मान हलवत म्हणाला, बरोबर.

२०२२ च्या प्रायमरीत त्यांनी टपालाने मत पाठवलं. २०२१ च्या सिनेट बिल १ या निवडणूक कायद्यानंतर पाकिटाच्या आतल्या घडीखाली लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे होते. ती घडी उलटून बघायला हवी हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. मत बाद झालं. कळवणारं पत्र मतदान होऊन गेल्यावर आलं. त्या एका निवडणुकीत राज्यभरात २४ हजारांहून जास्त टपाली मतं अशी बाद झाली, आठातलं एक. मतदार खरे, सह्या खऱ्या, वय खरं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. ‘मी कुठे चुकले गं?’ एवढंच विचारत राहिल्या. मी त्यांना काय उत्तर द्यायचं होतं? तेव्हापासून त्या टपालाने मत पाठवत नाहीत. गुडघे धरत केंद्रावर येतात.

नागरिक नसलेल्याने मत देऊ नये, यावर माझा तुमच्याशी काडीचा वाद नाही. गेल्या वर्षी ४ नोव्हेंबरला राज्याच्या १७ घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या. त्यातली सोळावी नेमकी हीच होती, की मतदार अमेरिकेचा नागरिकच असला पाहिजे. मी तिला ‘हो’ म्हटलं. तुमचं पत्र पर्समध्ये होतं, मुदत संपायची होती, म्हणून मत देता आलं. जी बाई या दुरुस्तीला मत देते तिलाच तुम्ही नागरिक नसल्याच्या यादीत घालता!

ही यादी कशी बनली ते आता सगळ्यांना माहीत आहे. राज्याने १ कोटी ८० लाखांहून जास्त मतदारांची यादी स्थलांतरितांची कायदेशीर स्थिती तपासणाऱ्या केंद्राच्या ‘सेव्ह’ या डेटाबेसशी ताडून पाहिली आणि ऑक्टोबरमध्ये २,७२४ नावं ‘संशयित’ म्हणून काउंट्यांकडे धाडली. त्या डेटाबेसमध्ये सोशल सिक्युरिटीच्या नोंदी आहेत. आमच्यासारख्या एच-वन या कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबर परदेशी म्हणून निघतो. पुढे नागरिक झालं तरी जुन्या नोंदीत ते आपोआप चढत नाही. ज्यांचा जन्म इथला त्यांना हा प्रश्न सहसा येत नाही. येतो तो मुख्यतः बाहेर जन्मून पुढे नागरिक झालेल्यांना. ट्रॅव्हिस काउंटीने पत्रं पाठवण्याआधी राज्याच्याच लायसन्सच्या नोंदी तपासल्या, तर तिच्या यादीतल्या सुमारे चौथाई लोकांनी नागरिकत्वाचा पुरावा आधीच दिलेला निघाला. तुम्ही का नाही तपासल्या? माझा पासपोर्ट दाखवल्याची नोंद त्याच फायलींमध्ये होती. एक दिवसाचं काम होतं. ते न करता ३० दिवसांची मुदत माझ्या डोक्यावर ठेवलीत.

बरं, हे पहिल्यांदा घडलं असतं तर समजून घेतलं असतं. २०१९ च्या जानेवारीत राज्याने ९५ हजार मतदारांवर असाच संशय घेतला होता. काही दिवसांतच त्यातली हजारो नावं चुकीची निघाली. शिवाय लायसन्स काढल्यावर माणूस नागरिक होऊ शकतो हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. कोर्टात जावं लागलं. एप्रिलमध्ये राज्याला तो आदेश मागे घ्यावा लागला आणि वकिलांच्या खर्चापोटी साडेचार लाख डॉलर्स भरावे लागले. तेव्हाचे राज्य सचिव डेव्हिड व्हिटली यांनी मे महिन्यात पद सोडलं. ते साडेचार लाख आमच्या करातले. एवढं होऊनही सहा वर्षांनी पुन्हा तेच, जुन्या नोंदींवरून नव्या नागरिकांवर संशय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि मतदाराच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली ही व्यवस्था स्वतःच्या बाबतीत किती सैल आहे! ४० हून जास्त राज्यांत मतदार नोंदणी ऑनलाइन होते. टेक्सासमध्ये लायसन्सचं काम करतानाच तेवढी सोय मिळते, बाकी सगळ्यांनी फॉर्म छापायचा, पेनाने सही करायची, टपालात टाकायचा आणि वाट बघायची. इथे बंदुकीचा परवाना ओळखपत्र म्हणून चालतो, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नाही. माझ्या भाचीला तिच्या पहिल्याच मतदानाला याच कारणाने परत पाठवलं होतं. ह्यूस्टनच्या १८ व्या मतदारसंघाचे खासदार सिल्व्हेस्टर टर्नर मार्च २०२५ मध्ये वारले. गव्हर्नरांनी पोटनिवडणूक नोव्हेंबरवर ढकलली, तिचा रनऑफ आता ३१ जानेवारीला आहे. जवळजवळ अकरा महिने लाखो लोकांना वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी नाही. गव्हर्नरांना कुणी ३० दिवसांची नोटीस पाठवली का?

मतदारसंघांचं तर बोलायलाच नको. दहा वर्षांतून एकदा जनगणनेनंतर नकाशा काढायचा असतो. तो २०२१ मध्ये काढून झाला होता. गेल्या उन्हाळ्यात विशेष अधिवेशन बोलावून तो पुन्हा काढला, रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून, आणि हे उघड उघड सांगून. डेमोक्रॅट आमदार गणसंख्या मोडायला राज्य सोडून गेले तरी नकाशा मंजूर झाला. नोव्हेंबरमध्ये फेडरल कोर्टाने तो थांबवला, ४ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने तोच वापरायला परवानगी दिली आणि ८ डिसेंबरला उमेदवारी अर्जांची मुदत संपली. दहा वर्षांत या राज्यात जवळपास ४० लाख माणसं वाढली. त्यातली बहुसंख्य लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि आपल्यासारखी आशियाई. त्या वाढीमुळे राज्याला दोन जागा जास्त मिळाल्या. माणसं मोजताना आम्ही हवे असतो. मतं मोजायची वेळ आली की आमचे कागद मागितले जातात.

१५ जानेवारीला महाराष्ट्रात २९ महापालिकांचं मतदान झालं. पुण्याहून भावाने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुमच्याकडे कधी? तिथल्या याद्यांमध्ये घोळ नसतात असं मी म्हणणार नाही. पण मतदानाला सुट्टी असते. इथे मंगळवारी कामाच्या दिवशी, सात ते सात. मी त्याला अजून उत्तर पाठवलेलं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. माझं नाव २ फेब्रुवारीच्या आत यादीत लावा आणि तसं लेखी कळवा, फोनवरचा शब्द मला आता पुरत नाही. आपल्या काउंटीत किती जणांना हे पत्र गेलं, किती जणांनी पुरावा दिला आणि किती जणांची नावं ते नागरिक नाहीत हे ठरलं म्हणून नव्हे, तर नुसतं उत्तर आलं नाही म्हणून काढली, हे जाहीर करा. पत्र परत आलेल्यांच्या घरी पुन्हा कळवा. आणि यापुढे अशी यादी हातात आली तर आधी राज्याच्या फायली तपासा, मग माणसाला विचारा.

टेक्सासमधल्या मराठी मंडळींना माझी हात जोडून विनंती, आजच्या आज आपलं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव पोर्टलवर बघा. शपथ घेऊन नागरिक झालेल्यांनी तर नक्की. घर बदललं असेल तर पत्ता बदला. टपाली मताचा अर्ज ज्येष्ठांना दर वर्षी नव्याने करावा लागतो. मार्चसाठी तो २० फेब्रुवारीच्या आत पोचला पाहिजे, नुसता टपालात पडून चालणार नाही. त्यात लायसन्सचा आणि सोशल सिक्युरिटीचा (शेवटचे चार आकडे) असे दोन्ही नंबर लिहा, एक कुठला तरी नोंदीशी जुळेल. मत पाठवताना पाकिटाची घडी उघडून बघा. आणि केंद्रावर नाव नाही म्हणाले तर तसेच परतू नका, प्रोव्हिजनल, म्हणजे पात्रता तपासून मग मोजली जाणारी, मतपत्रिका मागा. ती मागणं हा हक्क आहे.

१७ फेब्रुवारीला सकाळी सासूबाई आणि मी केंद्रावर असू. पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि तुमच्या कार्यालयाची पोचपावती माझ्या हातात असेल. नाव नसलं तर मी प्रोव्हिजनल मत देईन, ते मोजलं गेलं की नाही याचा पाठपुरावा करीन आणि नाही मोजलं तर त्याचं कारण तुमच्या सहीने मागीन.

आपली,
टेक्सासची एक मतदार