बाबा, मला फेरफार हवा आहे

हॅम्बुर्ग,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायला घेतलं असतं तर तुम्ही अर्ध्यावरच "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे दिला असतात. म्हणून पत्र लिहिते आहे. दादा छापून तुमच्या हातात देईल. दुपारी पडवीत बसून निवांत वाचा.

मे महिन्यात देवगडला आले तेव्हा माळ्यावरच्या तुमच्या लाल कापडी वह्यांचे मी पानन् पान फोटो काढले. कशाला, असं तुम्ही विचारलंत आणि मी "असंच" म्हटलं. ते असंच नव्हतं.

गेली दोन वर्षं इरा झोपली की मी रोजनिशी लिहिते. दिवसभरात काय घडलं, कुणाचा राग आला, काय ठरवलं, सगळं. ही पानं मी संगणकातल्या एका प्रोग्रॅमला देते. पुढे कधी मी हाताशी नसेन, तेव्हा आपली आई ह्यावर काय म्हणाली असती, हे इराला विचारता यावं, एवढ्यासाठी. आजी गेली त्या रात्री मी मोबाइल पालथा घातला, तर तिचा आवाज सापडला तो अकरा सेकंदांचा. "जेवलंस काय गो? जेव आधी." तिने एकटीने घर कसं सावरलं, तीन मुलं कशी वाढवली, त्यातलं एक अक्षर कुठे नाही.

असं करणारी मी पहिली नाही. रोमन माझुरेन्को नावाचा एक तरुण २०१५ मध्ये मॉस्कोत मोटारीच्या धडकेने गेला. युजेनिया कुय्दा ह्या त्याच्या मैत्रिणीने त्याचे मोबाइलवरचे जुने निरोप गोळा केले आणि त्यांवरून त्याच्यासारखं बोलणारं यंत्र तयार केलं.

माझं कसं चालतं ते सांगते. तलाठ्याच्या कचेरीत कारकून आपल्या गटाचा कागद दप्तरातून शोधून साहेबांपुढे ठेवतो ना, तसंच. इराने काही विचारलं की प्रोग्रॅम माझ्या पानांतून त्या विषयाची चार-सहा पानं काढतो आणि भाषा जाणणाऱ्या मोठ्या यंत्रापुढे ठेवतो. यंत्र ती वाचून माझ्या ढंगात उत्तर लिहितं. त्याला माझी ओळख तेवढ्या चार-सहा पानांपुरतीच असते.

आता तुम्हाला जे सांगायचंय ते. जूनमध्ये मी तुमच्या वह्याही त्यात घातल्या. २००३ च्या वहीत एक नोंद आहे : "९ मार्च. वरची बाग फवारली. विहिरीवरची सात सोडली." मी तुमच्याच आवाजात उत्तर मागितलं, बाबा, ती सात कलमं का सोडलीत? यंत्राने लगेच लिहिलं, "औषध संपलं होतं गो, आणि त्या वर्षी पैशाची ओढाताण होती."

माझा त्यावर विश्वास बसला. त्या वर्षी मी रत्नागिरीला कॉलेजात होते. खोलीचं भाडं, मेस, फी. दोन दिवस मला एकच दिसत होतं, की माझ्यापायी तुमच्याकडे औषधाला पैसे उरले नाहीत. शेवटी न राहवून आईला विचारलं. ती म्हणाली, छे, औषधाचा डबा भरलेला होता. खालच्या वाडीची विहीर त्या साली शिमग्याआधीच आटली होती आणि बायका आपल्या विहिरीवरून प्यायचं पाणी नेत होत्या. वाऱ्याने औषध उडून पाण्यात जाईल म्हणून ती सात कलमं तुम्ही तशीच ठेवलीत. त्यांचा आंबा त्या वर्षी डागी निघाला, पेटीत घालण्याजोगा नव्हता, आणि तुम्ही त्याबद्दल कुणाला काही बोलला नाहीत.

बाबा, मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. यंत्राने मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. मोकळी जागा दिसली की बहुतेक माणसांच्या बाबतीत जे खरं असतं ते तिथे भरायचं, हीच त्याची रीत. पैसे नव्हते म्हणून फवारलं नाही, हे शंभरातल्या नव्वद बागायतदारांना लागू पडेल. तुम्हाला नाही. इराचा आजोबा तिच्यासमोर असा दुसराच माणूस होऊन उभा राहिला असता, आणि आई नसती तर ते कुणाला कळलंही नसतं.

मग मी माझी रोजनिशी उघडली. तिथेही तेच. "आज रजा घेतली. घरीच." का घेतली? माझं मलाच आठवेना. मी दोन वर्षं नुसता सातबारा लिहीत होते. नाव कुणाचं, क्षेत्र किती, पीक कोणतं, सगळं जागच्या जागी. पण ते नाव तिथे कसं लागलं, हे बघायला फेरफार काढावा लागतो. आपल्या वह्यांना फेरफारच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीखाली "कारण" म्हणून एक ओळ लिहिते. गेल्या महिन्यात बढती नाकारली. कारण : काम ब्रेमेनला, रोज दोन तास गाडीत गेले तर रात्री इराला मराठीत गोष्ट सांगायला माझ्यात त्राण उरणार नाही. ही ओळ लिहायला मला बढती नाकारण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तुम्ही आता लिहायला बसणार नाही, डोळ्यांना त्रास होतो. पण बोला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १,०५२ माणसांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाची अशी प्रतिकृती केली. तेच प्रश्न दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले तेव्हा माणसांची स्वतःची उत्तरंही थोडी बदलली होती. ती जितकी आपल्याच आधीच्या उत्तरांशी जुळली, त्याच्या ८५ टक्क्यांइतकी प्रतिकृतींची उत्तरं जुळली. नुसत्या गप्पांवर एवढं साधलं. मला आकड्यापेक्षा त्या गप्पांचं अप्रूप वाटतं. तुम्हाला सलग दोन तास कुणी कधी काही विचारलंच नाही. मीसुद्धा.

एक काळजी मात्र मला आहे. तुमच्या वह्यांत काकांच्या वाटणीची दोन पानं होती, ती मी काढून टाकली. दादाच्या कर्जाचं माझ्या रोजनिशीत होतं, तेही काढलं. जो घरात आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचं काही आत जाणार नाही. सगळं माझ्या घरच्या संगणकातच आहे, बाहेर कुठे ठेवलेलं नाही. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला, की मेलेल्या माणसाची पत्रं आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसंच त्याचं फेसबुक खातंही जातं. म्हणजे माझ्यामागे हे इराकडे जाईल. तिला नको असेल तर तिने पुसून टाकावं, हेही मी त्यात लिहून ठेवलंय. तुमचं त्यात असावं की नाही, हे तुम्ही सांगायचं. नको म्हणालात तर वह्यांचे फोटो त्याच दिवशी काढते, आणि तरीही रविवारचा फोन करतेच.

हो म्हणालात तर पुढच्या रविवारी आमच्या दुपारच्या तीनला, म्हणजे तुमच्या साडेसहाला, फोन लावीन. भातकापणीने थकला असलात तर अर्धाच तास बोलू. मोहोरासाठीचं कल्टार कुठल्या कलमांना घातलंत आणि कुठल्या नाही, हे दादा सांगेलच. मला त्याच्यामागचं हवंय. आंबा चौदा आणे तयार झाला हे तुम्ही देठाजवळ बोट फिरवून ओळखता, ते बोटाला नेमकं काय लागतं? आणि १९९१ च्या वहीत तुम्ही "मागची पायरी तोडायची नाही" असं एकाच पानावर तीनदा लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. ते पायरी आंब्याचं झाड अजून उभं आहे, मी मे महिन्यात त्याच्याखाली बसले होते. का तोडायचं नव्हतं, बाबा?

आईला नमस्कार. इरा तुम्हाला "आबा, लवकर बोला" म्हणते आहे.

तुमची,
मंजू