मंदाला, पाच पुस्तकांवरून

प्रिय मंदे,

उत्तर राहिलं, त्याची कारणं देत बसत नाही. माझी सगळी कारणं तुला पाठ आहेत. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. तब्येतीचं प्रकरण संपलं.

लिहायला बसले ते वेगळ्याच भानगडीमुळे. एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. देशाच्या सर्वोच्च नेत्याने वाचावीत अशी पाच पुस्तकं सुचवा, प्रत्येकाचं थोडक्यात कारण द्या. कुठला देश, कुठला नेता? तर म्हणे, कुठलाही, मोघमच ठेवा. मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि बापटसरांच्या गच्चीवरचा तुझा आवाज कानात घुमला: 'वाचून माणूस सुधारत असता तर!' पुढचं तू इतक्या जोरात म्हणाली होतीस की दिगू जिन्यातूनच मागे फिरला. त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तो लावल्याशिवाय मला ही यादी करता येईना. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर 'लिहून टाका हो पाच नावं' म्हणून मोकळे झाले असते.

अशा याद्यांचे मानकरी ठरलेले आहेत. कौटिल्य, मॅकियाव्हेली आणि तोंडी लावायला मार्कस ऑरेलियस. पण सत्ता कशी राखावी हे ज्याला कळत नाही तो त्या खुर्चीपर्यंत पोचतोच कशाला? ज्या विषयात तो आपल्याला शिकवेल त्याच विषयाची पुस्तकं आपण त्याला द्यायची. आणि मॅकियाव्हेलीचं ते 'प्रिन्स' म्हणजे एका परीने नोकरीचा अर्जच होता. पद गेलेलं, तुरुंगात छळ सोसून सुटलेला माणूस १५१३ साली पुस्तक लिहितो आणि ते फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी लोरेन्झो मेदिचीला अर्पण करतो. लोरेन्झोने काही नोकरी दिली नाही. नेत्याला पुस्तक सुचवणाऱ्यांची परंपरा ही अशी आहे बघ.

त्यातला अलीकडचा वेडा म्हणजे कादंबरीकार यान मार्टेल. (त्याची ती वाघाची कादंबरी कुंदाने नेली आहे. परत मागायची हिंमत तुझ्यात आहे का?) २००७ च्या एप्रिलपासून तो कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांना दर पंधरवड्याला एक पुस्तक आणि सोबत पत्र पाठवत राहिला. जवळजवळ चार वर्षं, एकशे एक पुस्तकं. कार्यालयातून मोजक्या पोचपावत्या आल्या, हार्परसाहेबांची स्वतःची एक ओळ नाही. मार्टेलचं काम मला आवडतं, पण हार्परची बाजूही कळते. न मागता दिलेलं पुस्तक म्हणजे टोमणाच असतो. तू मला रागावर ताबा मिळवण्याचं पुस्तक दिलं होतंस आणि मी ते तुझ्याच अंगावर भिरकावलं होतं, विसरलीस? 'निदान पहिलं पान तरी वाचायचं' म्हणत होतीस वर!

तरी त्याने पहिलं पुस्तक निवडलं ते अचूक. टॉलस्टॉयचं 'इव्हान इलिचचा मृत्यू'. इव्हान न्यायाधीश. घरातले पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला मार बसतो, तिथून दुखणं सुरू होतं. डॉक्टरकडे जातो, तर डॉक्टर अगदी तसाच रुबाबात बोलतो जसा हा स्वतः कोर्टात आरोपींशी बोलत आला. 'मी जगणार का' हे विचारावं, तर डॉक्टरच्या लेखी तो प्रश्नच गैरलागू. मंदे, ज्याच्या सहीवर लाखोंचं नशीब ठरतं त्याला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवणारं याहून छोटं आणि धारदार पुस्तक मला माहीत नाही. दुपारभरात वाचून होतं, म्हणजे वेळ नाही ही सबबही नको.

आता तुझा हुकमी एक्का. स्टालिन. सुमारे पंचवीस हजार पुस्तकांचा संग्रह, विषयवार लावलेला, रंगीत पेन्सिलींनी खुणा केलेला, समासात 'हा हा' लिहून लेखकाची टर उडवलेली. इतका वाचणारा सत्ताधीश विरळाच, आणि त्याने काय केलं ते जगाला ठाऊक. गच्चीवर मी यावर गप्प बसले होते. आज एवढंच म्हणेन की तो पेन्सिल घेऊन वाचायचा ती परीक्षकाची. समासातसुद्धा शेवटचा शब्द त्याचाच. अशा माणसाला पंचवीस हजार द्या नाहीतर पन्नास हजार. हा माझा पूर्ण विजय नाही, मला कळतं. पण तुझाही नाही, कारण माझ्याकडे केनेडी आहे.

पहिलं महायुद्ध कसं पेटलं त्यावरचं बार्बरा टकमनचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' १९६२ साली आलं आणि त्याच ऑक्टोबरात क्युबातली रशियन क्षेपणास्त्रं उघडकीला आली. केनेडीने ते वाचलेलं होतं. पुढे कोणी 'ऑक्टोबरची क्षेपणास्त्रं' असं पुस्तक लिहावं, अशी वेळ मी येऊ देणार नाही, असं तो भावाला म्हणाला. ते भावानेच लिहून ठेवलंय. त्यातला १ ऑगस्ट १९१४ चा प्रसंग काढून वाच. जर्मन सम्राट कैसरला ऐनवेळी वाटतं, फ्रान्सला सोडू, सगळं सैन्य रशियाकडे वळवू. सेनापती मोल्टके हादरतो. लाखो माणसं, अकरा हजार गाड्या, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. आता बदल अशक्य! आणि युद्धानंतर रेल्वे विभागाचाच एक जनरल पुस्तक लिहून दाखवतो की बदल शक्य होता. 'साहेब, आता काही करता येणार नाही' हे वाक्य ज्याला सतत ऐकावं लागतं त्याने तेवढी पानं उशाशी ठेवावीत. पुस्तकाने युद्ध टळलं असं मी म्हणत नाही. पण पुस्तकाने एका माणसाला थोडं घाबरवलं, आणि तेव्हा घाबरणंच शहाणपणाचं होतं.

तिसरं आपलं. 'शेतकऱ्याचा असूड', १८८३. जोतीराव तो ग्रंथ लिहिता लिहिताच लोकांना वाचून दाखवत होते, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो त्यांच्या तोंडून ऐकला. डोळ्यासमोर आण: विशीतला राजा, नुकताच कारभार हाती आलेला, आणि समोर जोतीराव, कचेऱ्यांत शेतकरी कसा नागवला जातो ते त्या कोरडे ओढणाऱ्या भाषेत वाचतायत. राजा उठून गेला नाही! त्यावरून मला वाटायला लागलंय की यादी पाठवण्यापेक्षा वाचून दाखवणारा माणूस पाठवावा. पुस्तक मिटता येतं, ऐकवणाऱ्याला उठवायला जरा तरी लाज वाटते. हे संपादकांच्या चौकटीत बसत नाही, पण मी लिहिणार आहे.

चौथं अमर्त्य सेन यांचं दुष्काळावरचं, १९८१ चं. १९४३ साली बंगालात लाखो माणसं मेली, आणि त्यांच्या हिशेबाने त्या वर्षी धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा जास्तच होता. कोठारात धान्य होतं, विकत घेण्याची ऐपत नव्हती. 'साठा पुरेसा आहे' अशा अहवालावर सही करणाऱ्याने हे वाचलेलं असावं. पुस्तक रुक्ष आहे, तक्ते भरपूर. वाचू दे की, पगार घेतो ना?

पाचव्यावर अडलेय. मनात आहे की नावच लिहू नये. लिहावं, 'ज्या पुस्तकावर त्याच्या स्वतःच्या देशात बंदी आहे, त्यातलं कुठलंही एक'. कुठलाही देश म्हणालात ना, मग घ्या. पण यात आगाऊपणा आहे का? टाळ्यांसाठी केलेलं वाटेल का? तू मला हे तोंडावर सांगशील, बाकीचे 'वा वा' करतील. तुझ्याकडे याहून बरं पाचवं असेल तर सुचव, फक्त ते तुझं कवितांचं नको. त्यावर आपण पुन्हा बोलायचं नाही असं ठरलंय.

तुझं घर बदलणं झालं का? पुस्तकांची खोकी या वेळी तरी उघडणार की तशीच माळ्यावर? लेकीच्या निकालाचं कळव. भाऊंना नमस्कार, ते ओळखत असतील तर.

संपादकांना सोमवारी द्यायचंय. फोन नको, फोनवर आपण भांडतो आणि मुद्दा राहतो. चार ओळी खरडून पाठव.

तुझी,
नीला