एक डोळा गेल्यावर मेंदूला शिकवायचं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड सुरू झाली की आमच्या वाळवा तालुक्यात डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं दिसू लागतात. उसाच्या पात्याची कड बुबुळाला घासते, त्या जखमेत बुरशी शिरते आणि वेळेत नेमकं औषध मिळालं नाही तर डोळा जातो. माझा उजवा डोळा असाच गेला, शेवटी काढावाच लागला. मी घरी शिवणकाम करते. डोळा गेल्यानंतर माणसाला काय काय नव्याने शिकावं लागतं, याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

सुटी देताना मला एवढंच सांगितलं गेलं, "दुसरा डोळा चांगला आहे, काळजी करू नका." डोळा चांगलाच होता. पण घरी आल्यावर चहा कपाच्या कडेवर ओतला जायचा. सुई ओवताना दोरा कधी नेढ्याच्या पुढून जायचा, कधी मागून. ब्लाऊजची बाही कापायला घेतली की कात्री कापडापर्यंत पोचायच्या आधीच मिटायची. आणि रात्री काढलेल्या डोळ्याच्या जागी निळ्या ठिणग्या आणि जाळीसारखं काहीतरी दिसायचं. घरातल्या एकीने बाहेरचं असेल म्हणून अंगारा लावला. मी कोणाशी बोलायचंच बंद केलं.

माझी भाची पुण्यात ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासण्याचं शास्त्र शिकते. ती दिवाळीला आली तेव्हा तिने मला नीट समजावलं. मेंदूत पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींना डोळ्याकडून येणारा संदेश थांबला, तरी त्या गप्प बसत नाहीत. त्या आपल्या आपण चेतल्या की नसलेल्या डोळ्यात उजेड, आकृत्या दिसू शकतात. ते वेड नव्हे. हे एक वाक्य दवाखान्यात कोणी बोललं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

तिने आणखी एक सांगितलं. प्रत्येक डोळ्याच्या नसा मेंदूच्या दोन्ही बाजूंना जातात, त्यामुळे एक डोळा गेला म्हणून मेंदूचा अर्धा भाग अंधारात जात नाही. गेलेल्या डोळ्याच्या बाजूची एक कड तेवढी दिसेनाशी होते, आणि दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून मिळणारा अंतराचा अंदाज जातो. हा अंदाज दुसऱ्या वाटेने परत मिळवता येतो का, हा खरा प्रश्न.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की मोठ्या वयात मेंदूचा पाहण्याचा भाग बदलत नाही. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद केला, तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्याकडे वळल्या. मोठ्या मांजरात तसं झालं नाही. त्या दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं, आणि लहानपण सरलं की दार बंद, हा समज पक्का झाला. पुढे जर्मनीत म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत मोठ्या उंदरांचा एक डोळा काही दिवस बंद ठेवून तेच पाहिलं गेलं, तर पेशींचा कल उघड्या डोळ्याकडे सरकला. त्यांच्या फांद्यांवर नवे बारीक अंकुरही फुटले. डोळा उघडल्यावर पेशी मूळ कलाकडे परतल्या, पण बरेच अंकुर टिकून राहिले, आणि तोच डोळा पुन्हा बंद केला तेव्हा बदल लवकर झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, भाचीने हेही बजावलं. पण माणसांतही, आळशी डोळा (लहानपणी मेंदूने नीट न वापरल्यामुळे नजर कमी राहिलेला डोळा) असलेल्या काही प्रौढांचा चांगला डोळा गेल्यावर त्या आळशी डोळ्याची नजर सुधारल्याच्या नोंदी आहेत. (तरी आळशी डोळा असलेल्या लहान मुलांच्या चांगल्या डोळ्याला पट्टी बांधायची टाळाटाळ कोणी करू नये. त्या वयातला फायदा कितीतरी मोठा.)

कॅनडातल्या संशोधकांना दिसलं की एक डोळा गेलेली माणसं वस्तू उचलायच्या आधी डोकं जास्त हलवतात. डोकं हललं की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त सरकते आणि अंतर कळतं. हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, मीही हल्ली कापडाकडे पाहताना मान डावी-उजवी करते! शेजारणी विचारायच्या, मान दुखते का म्हणून. आता मी तो मुद्दाम सराव करते. सुईचं टोक डाव्या तर्जनीला टेकवते, दोरा त्याच बोटावरून सरकवत नेढ्यापर्यंत नेते. कपाच्या कडेला किटलीचं तोंड टेकवते आणि मग ओतते. काज-बटण पुन्हा जमू लागलं आहे.

क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये मोटार अपघातात जायबंदी झाला. त्याच डिसेंबरात ते दिल्लीत भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि १९६४ मध्ये तिथेच इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ केल्या. तेव्हा ते विशीत होते आणि त्यांना सरावाला नेट होतं. ऊसतोड्याला काय आहे? त्याला कोयता चालवायचा असतो, भरलेल्या ट्रॉलीवर चढायचं असतं, आणि अंतर चुकलं तर बोट जातं. सरकारी हिशोबात एक डोळा गेला तर ३० टक्के अपंगत्व, आणि बहुतेक सवलतींना ४० लागतात. मी टक्के वाढवून मागत नाही.

माझी मागणी छोटी आहे. ज्याचा डोळा जातो त्याला सुटी देण्याआधी एक तास द्या. ओतणं, जिना उतरणं, गेलेल्या बाजूला मान वळवून रस्ता ओलांडणं हे कोणीतरी शेजारी उभं राहून करून घ्या. ठिणग्या दिसू शकतात हे आधीच सांगा. हेच मराठीत छापलेला एक कागद हातात द्या, आणि महिन्याने पुन्हा बोलावून विचारपूस करा. जिल्हा रुग्णालयांनी आणि साखर कारखान्यांच्या नेत्रशिबिरांनी याच हंगामात सुरुवात करावी. कारखान्यांनी तोडणी कामगारांना साधे संरक्षक चष्मे द्यावेत, आणि पाला लागलेल्या डोळ्यात मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत, हे फडाफडात जाऊन सांगावं.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
ता. वाळवा, जि. सांगली