रद्दीवाल्याला परत पाठवलं

नौपाडा, ठाणे
१४ मे

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रद्दीवाला येऊन गेला. तू सांगितलंस तसे पलंगाखालचे दोन्ही पोर्टफोलिओ, माळ्यावरच्या गुंडाळ्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे मी दाराशी आणून ठेवले होते. वर्तमानपत्रं त्याला दिली, तुझे कागद दिले नाहीत. तो तागडी काढून बसलाच होता, त्याला नाही म्हणून सांगितलं आणि सगळं उचलून परत आत आणलं.

तुझं म्हणणं मला कळतं. ३१ तारखेपर्यंत जागा रिकामी करून द्यायची आहे. चरईतलं भाड्याचं घर याच्या निम्मं, आणि नवी इमारत उभी राहायला तीन वर्षं तरी जातील. आई तर भांड्यांतलीही अर्धी वाटून टाकते आहे. पण तू जाता जाता म्हणालीस ना, 'बाबा, सगळं स्कॅन केलंय, आणि ती कॉलेजची असाइनमेंट्स आहेत, माझं काम नाही ते', ते वाक्य आठ दिवस डाचतंय. म्हणून लिहायला बसलो.

जे.जे.च्या पहिल्या वर्षाचा पोर्टफोलिओ आधी उघडला. पितळी तांब्या, दोन वांगी, निळं फडकं. तांब्यावर उजेड पडतो ती जागा तू इतक्या वेळा खोडलीस की कार्ट्रिज पेपरची साल निघाली आहे. बोट फिरवलं की तिथे लव लागते. त्याखाली क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं. लॉकवूड किपलिंगने केलेली, आणि तोही जे.जे.तच शिकवायला होता, हे तूच मला समोरच्या फुटपाथवर उभं करून सांगितलं होतंस. त्यातल्या शेतकऱ्यांचे अकरा कागद आहेत. मी मोजले. पहिल्या चारांत माणूस नुसता उभा आहे. आठव्यात खांदा खाली आला, आणि अकराव्यात त्याच्या अंगावर ओझं आहे हे न सांगता कळतं. कॉलेजात एकच कागद द्यायचा होता ना? मग उरलेले दहा तू कुणासाठी काढलेस? ते तुझं काम नाही असं मी कसं मानू?

मग तलावपाळीचं जलरंगातलं चित्र सापडलं. दुसऱ्या वर्षाचा जुलै. पंख्याखाली दोन-दोन तास धरूनही कागद वाळत नव्हता. पहिला वॉश ओला असतानाच तू दुसरा पाण्याचा हात फिरवलास, आणि तिथल्या मसुंदा तलावाच्या वरच्या आभाळात फुलकोबीसारखे डाग उमटले. सरांनी तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवलाय. त्या रात्री तू जेवली नव्हतीस.

गेल्या दिवाळीत तू तुझं स्वतःचं, कुणी न मागता केलेलं चित्र पाठवलंस. टॅबलेटवर केलेलं, पहाटेची ठाण्याची खाडी आणि चिखलात उतरलेले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. आईला पक्षी आवडले. मी आभाळाकडे बघत राहिलो, कारण ते डाग माझ्या ओळखीचे होते. वागळे इस्टेटच्या छापखान्यात एकतीस वर्षं भिंगाखाली ठिपके बघण्यात गेली, एवढं तर ओळखू येणारच. तुला विचारलं तेव्हा हसलीस. म्हणालीस, 'हो बाबा, तोच कागद स्कॅन करून वरच्या लेयरवर टाकलाय, मल्टिप्लाय केलाय.' मल्टिप्लाय म्हणजे काय ते तू समजावून सांगायला लागलीस, पण ते मला आधीच ठाऊक होतं. ऑफसेटची शाई पारदर्शक असते. पिवळ्यावर सायन, म्हणजे निळी शाई, चढवली की खालचा पिवळा मरत नाही, दोन्ही मिळून हिरवा दिसतो. चार रंगांच्या चार प्लेटा, एकावर एक. तुझे लेयर मी रोज हाताने लावत होतो, फक्त माझं रजिस्टर, म्हणजे प्लेटांची जुळणी, चुकलं तर हजार कागद वाया जायचे.

म्हणूनच स्कॅनच्या बाबतीत माझं थोडं ऐक. ते स्कॅन तू कॉलेजात असताना ए-फोर स्कॅनरवर दोन तुकड्यांत केलेत, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. आहे त्याच मापात छापायला ते चांगले. पण तेच आभाळ उद्या दुप्पट मोठ्या पोस्टरवर घ्यायचं झालं, तर तुझ्या हातात १५० उरतात, आणि छापताना ते दिसतं. मूळ कागद असेल तर पुन्हा ६०० ला स्कॅन करता येईल. शिवाय स्कॅनरचा उजेड सपाट असतो. खोडलेल्या तांब्यावरची लव त्यात येत नाही, आणि अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले असतात तेही नीट येत नाहीत. कागद खिडकीशी तिरपा धरला की दोन्ही दिसतात.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. सोसायटीच्या गणपतीच्या पत्रिकेसाठी तू उपवन तलावाचं चित्र केलं होतंस, तुझं पहिलंच डिजिटल. पडद्यावर तो निळा आणि पोपटी नुसता झगझगत होता. छपाईच्या चार रंगांत तो निळा उतरणार नाही, मजेंटा त्याला जांभळट आणि मळका करणार, हे फाइल बघताक्षणीच मला कळलं होतं. तुला शेजारी बसवून एक प्रूफ काढून दाखवायला हवं होतं. कामाच्या गडबडीत तसंच मशीनवर चढवलं आणि चारशे पत्रिका घरी आणल्या. तू एक उलटून बघितलीस आणि काही न बोलता आत गेलीस. मी वर म्हणालो, छपाईत असंच होतं. असं होत नाही, चिऊ. चूक माझी होती. फाइलमध्येच रंग बदलून बऱ्यापैकी जवळ आणता आला असता. त्या मूळ फाइलची सीडी मी जपून ठेवली आहे, तुझ्या कागदांसोबतच पाठवेन.

तुझं टॅबलेटवरचं काम मला कमी वाटतं असा अर्थ काढू नकोस. आजी मटार सोलतानाचं चित्र तू केलंस, त्याचा तो आपोआप होणारा व्हिडिओ मी अनेकदा पाहिला आहे. त्यात आजीचा अंगठा तू तीनदा पुसून चौथ्यांदा ठेवलास. कागदावर तीन अंगठ्यांच्या खुणा राहिल्या असत्या, इथे त्या व्हिडिओत राहिल्या. पण तिसऱ्या वर्षी हार्ड डिस्क गेली तेव्हाचं आठवतं ना? दोन महिन्यांचं काम एका दुपारी नाहीसं झालं. ते तू परत उभं केलंस ते वहीच्या मागच्या पानांवरच्या काडेपेटीएवढ्या थंबनेलांवरून. ती पानंही सापडली आहेत.

मी जन्मभर प्रती छापल्या. माळ्यावर तुझ्या आजोबांचे दिवाळी अंक आहेत, त्यात दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या 'दीपावली'चेही काही. लहानपणी त्या मुखपृष्ठांवर ट्रेसिंग पेपर ठेवून तू गिरवायचीस. ती मी भिंगाखाली धरतो तेव्हा मला ब्लॉकचे ठिपके दिसतात, ब्रशचा फटकारा दिसत नाही. आमच्याकडेही चित्रकाराचं मूळ चित्र दोन-चार दिवस असायचं, नंतर ते कुठे जायचं कुणी विचारत नसे. मीही नाही विचारलं. घरात आलेलं एकमेव मूळ म्हणजे हे तुझे कागद, आणि तेच किलोच्या भावाने द्यायचे हे माझ्याच्याने होणार नाही.

आता व्यवस्था. तीन गठ्ठे केलेत. रंगांचे नुसते तक्ते, भूमितीची आणि अक्षरांची सरावपत्रकं यांतली दोन-दोन ठेवून बाकीची खरंच देऊन टाकतो, तिथे तुझं बरोबर आहे. उरलेली चित्रं गुंडाळ्या सोडवून सपाट ठेवली आहेत, दोन माउंटबोर्डांमध्ये, मध्ये बटर पेपर. कडांना लावलेल्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडून कागद खात होत्या, त्या सुरीने सोडवल्या. एका चित्राचा कोपरा फाटला, ते वेगळं ठेवलंय. बुरशीसाठी सिलिका जेलच्या पुड्या आणल्यात. पावसाळ्यात मात्र महिन्यातून एकदा उघडून वारा द्यावा लागेल, ते मी करेन. जागेची काळजी करू नकोस. आमच्या नव्या पलंगाखाली बरोबर बसतात, माप घेऊन आलोय.

तिसरा गठ्ठा तुझ्या स्केचबुकांचा. नऊ आहेत. त्या मी उघडलेल्या नाहीत. कॉलेजचं काम चार लोकांनी बघायचंच होतं, यांचं तसं नाही. सुतळीने बांधून वर तुझं नाव घातलंय. फक्त एक वही बांधताना हातातून उघडी पडली आणि पान दिसलं. रात्रीची स्लो लोकल, खिडकीशी डोकं टेकून झोपलेला माणूस, मांडीवर डबा. शर्टाच्या बाहीवर शाईचा डाग आहे. तू कधी काढलंस ते ठाऊक नाही, मला तर तू त्याच डब्यात होतीस हेही माहीत नव्हतं.

मी वही लगेच मिटली. पण ते एक पान काढून भिंतीवर लावलं तर चालेल का, की वहीतच राहू दे? टेम्पो २९ तारखेला येणार आहे, त्याआधी कळव.

तुझा,
बाबा